मधाचं बोट

फुलसावंगी

नाहिद सिस्टर, माय,

मी ओवीची आजी, विजयमाला. सातव्याच महिन्यात झालेली माह्या प्रेरणाची पोरगी तुमच्या वॉर्डात काचेच्या पेटीत होती, आठवते ना?

त्या साली कापूस हातचा गेला होता. घरात या पोरीशिवाय चांगलं काही घडलंच नव्हतं, अन् तिचंच पोट फुगलं. डॉक्टरानं दूध बंद केलं. मले वाटलं, लेकरू उपाशी मरते. म्हणून पदराखाली मध आणला. बोट तिच्या तोंडापाशी नेलं, तर तू माहा हात धरला.

"आजी, हिच्या कच्च्या आतड्यात वाईट जंतू माजले. आता पोटाले आराम पाहिजे. मग आईच्या दुधानं चांगले जंतू येतील."

मी म्हटलं, "जिले लेकरू नाही, तिले काय समजते?"

तू माहं बोट पुसून दिलं. मधाचं कोणालेच सांगितलं नाही, प्रेरणाले बी नाही.

अकराव्या दिवशी पोरीनं पिवळी शी केली. तू तो लंगोट पेढ्याच्या डब्यावानी साऱ्या वॉर्डाले दाखवला. डॉक्टर हसले, मी रडली. मग थेंब-थेंब आईचं दूध सुरू झालं.

आता ओवी दोन वर्षांची आहे. काल तिनं मूठभर माती खाल्ली अन् वरून अर्धी भाकर मांगली.

तुही माफी मांगाची राह्यली आहे. पण कागदावर मांगणं सोपं असते, म्हणून हे पत्र टाकत नाही. सोमवारी ओवीले घेऊन येईन अन् तुह्यासमोर उभी राहून मांगीन.

तुले बोलून पस्तावलेली,
विजयमाला