फळ्यावर न लिहिलेले नाव

हालातोआ, हाआपाई बेटे, टोंगा
दिनांक १२ मे १९९१

चि. लावेनिया हिस पित्याचे आशीर्वाद.

देवदयेने येथे आम्ही अजून उजेड पाहत आहोत. तुम्ही मायलेकीही पाहत असाल, अशी आशा करतो. तुझे पत्र मागील बोटीने पोचले. हेइलालाने काढलेले डुकराचे चित्र मी भिंतीवर लावले आहे. डुकरास पाच पाय आहेत. ऑकलंडमध्ये पोरीला जिवंत डुक्कर पाहावयास मिळत नसावे.

तू लिहितेस की रुग्णालयाच्या धुलाईघरात तुझ्याबरोबर काम करणाऱ्या आपल्याच देशातील बायका दिवसभर इसिलेलीची कॅसेट लावतात. त्यातही त्याने तुझ्या हातांवर रचलेले गाणे पुन्हा पुन्हा लावतात. ते बंद करा म्हटल्यावर एक जण म्हणाली, "अगं, तुमचं नवराबायकोचं काय ते तुम्ही बघा. आम्ही पैसे टाकून आणलीय, ऐकणारच." हे वाचून मला संताप आला. ज्या माणसाने स्वतःच्या पत्नीचे मनगट जळाऊ लाकडाने मोडले, त्याच्या आवाजाला घरात बसावयास चटई देणारा प्रत्येक जण त्या लाकडाचे दुसरे टोक धरून उभा आहे, असे माझे मत आहे.

येथील दुकानातही तीच कॅसेट वाजते. म्हणून मी रॉकेल व साबण गावाच्या दुसऱ्या टोकाहून आणतो. दुकानदार परवा रस्त्यातच म्हणाला, "मास्तर, ते गाणं वाजलं की माझ्या साबणाला फेस कमी येतो होय?" मी तसाच पुढे चालू लागलो. अशा माणसांशी बोलण्याने आपली पायरी खाली येते.

डिसेंबरात हेइलालास घेऊन यावे किंवा कसे, असे विचारतेस. एवढेच मागतेस की, "बाबा, तुमच्या चर्चमध्ये त्याचं गाणं माझ्या कानावर पडू नये." ही विनंती नव्हे, तुझा अधिकार आहे. मी तुला शब्द देतो. आपल्या चर्चला शंभर वर्षे पूर्ण होत असल्यामुळे सप्टेंबरात साऱ्या बेटांवरील गायकमंडळे येथे जमणार आहेत, आणि यजमान गावाने नवे स्तोत्र गावयाचे असते. इसिलेलीने पाद्री मालाकाई यांच्या हस्ते आपली रचना पाठविली होती. मी ती न उघडता परत केली. मंडळाचा गायनप्रमुख या नात्याने स्तोत्र मी स्वतः रचीत आहे. माझे शिक्षण इयत्ता चौथीपर्यंतच झाले, तथापि चालीचे आकडे, प्रत्येक सुरास एक, फळ्यावर मांडण्यात या बेटावर माझी चूक अद्याप कोणी काढलेली नाही.

तू निर्धास्तपणे ये. तुझी खोली झाडून ठेवीन.

दिलेला शब्द पाळणारा तुझा पिता,
फिलिमोने


हालातोआ
दिनांक ४ ऑगस्ट १९९१

चि. लावेनिया हिस अनेक आशीर्वाद.

येथे सर्व कुशल आहे. थंडी यंदा लांबली. निरफणस उशिरा धरले, कोनफळे मात्र उत्तम आली. तुझ्या आत्याचे गुडघे सुजले आहेत, ती घराबाहेर पडत नाही. चर्चचे छप्पर रंगवून झाले. रंग थोडा भडक झाला आहे, परंतु पाद्रीसाहेबांना तसाच हवा होता. तू पाठविलेली छत्री मिळाली. उघडताना एक काडी निसटते, बाकी चांगली आहे.

हेइलाला शाळेत इंग्रजीच बोलते असे कळले. घरी तरी आपली भाषा ठेव.

स्तोत्राविषयी लिहावयाचे राहिले. माझे स्तोत्र पूर्ण झाले आणि सरावही सुरू झाला. आकड्यांत चूक नाही. परंतु मंडळाने ते मनापासून घेतले नाही. मधल्या पट्टीत गाणारी वाइओला, जिची जीभ तुला ठाऊक आहेच, भर सरावात म्हणाली, "मास्तर, राग मानू नका, पण हे म्हणजे मिठाशिवाय उकडलेली अळकुडी. पोट भरतं, पण दुसऱ्यांदा कोण मागतंय?" सारे हसले. खर्जातील पुरुष सरावास येईनासे झाले.

तेव्हा पाद्रीसाहेब घरी आले. म्हणाले, "मास्तर, दाविदानं काय कमी पापं केली? तरी त्याची स्तोत्रं आपण म्हणतोच की नाही?"

मी म्हणालो, "दाविदाची बायको माझी मुलगी नव्हती."

यावर ते म्हणाले, "बरं, त्याचे शब्द नकोत. शब्द बायबलातले घेऊ. फक्त चाल त्याची. आणि फळ्यावर वर कोपऱ्यात रचणाऱ्याचं नाव लिहायची आपली पद्धत आहे ना, ते लिहूच नका. नुसते आकडे. आकड्यांनी कुणाचा हात मोडलाय?"

मी विचार करून संमती दिली. चाल त्याच्या एका जुन्या गाण्याची आहे. कोणत्या, हे महत्त्वाचे नाही. शब्द पवित्र शास्त्रातील, नाव कोणाचेच नाही, तो स्वतः सरावास येत नाही आणि येणारही नाही. त्यामुळे तुला दिलेला शब्द मोडतो असे मला वाटत नाही. तू नीट विचार केलास तर तुलाही वाटणार नाही.

भावाच्या मुलांच्या बाबतीत आत्याचा शब्द अखेरचा, हे मी विसरलेलो नाही. परंतु तिला विचारले नाही. तिची प्रकृती ठीक नसताना लहानसहान गोष्टींसाठी त्रास देणे बरे दिसले नसते.

बोट उद्या सुटते, म्हणून येथेच थांबतो.

तुझा पिता,
फिलिमोने


हालातोआ
दिनांक २० ऑक्टोबर १९९१

लावेनिया हिस,

तुझी दोन पत्रे मिळाली. पहिल्यात तू विचारले होतेस की चाल कोणत्या गाण्याची. दुसऱ्यात तू काहीच विचारले नाहीस, फक्त हेइलालाच्या शाळेचे लिहिलेस. दोन्हींना उत्तर दिले नाही. प्रकृती बरी नव्हती असे लिहिता आले असते. प्रकृती उत्तम आहे.

चाल तुझ्या हातांच्या गाण्याची.

पहिल्या पत्राच्या वेळीच तू ओळखले होतेस, असा माझा समज आहे.

सोहळा उत्तम झाला. शनिवारी दुपारी मैदानात जेवणे आटोपल्यावर मंडळे गावयास उभी राहिली. आपले मंडळ शेवटी. बायबलाचे शब्द घालून स्तोत्र म्हटले. लावेनिया, आयुष्यभर मी गायन शिकवीत आलो, परंतु खर्ज असा मिळालेला कधी ऐकला नव्हता. संपताच सारे मैदान उठले. "मालिए! मालिए!" असा वाहवाचा एकच गजर झाला. म्हाताऱ्या बायका कमरेला गुंडाळलेल्या मानाच्या चटया सावरीत नाचत पुढे आल्या. लोक ओरडले, "परत! पुन्हा एकदा!"

पुन्हा म्हणणे भाग होते. मी काठी उचलली. वाइओलाने माझ्याकडे पाहिले, हसली, आणि बायबलाचे शब्द सोडून तिने मूळ शब्द उचलले. पहाटेच्या खाडीत केवडा धुणारे हात, दुपारी चटई विणणारे हात. मंडळाने तिच्या मागे तेच धरले. मग मैदानाने धरले. सर्वांना पाठ होते. तू बेट सोडलेस तेव्हा ज्यांनी तुला बोटीपर्यंत पोचविले, तुझ्या गळ्यात पडून रडले, त्या बायकाही गात होत्या.

माझी काठी खाली आली की आमचे मंडळ त्याच क्षणी गप्प होते. तशी शिस्त मीच लावली आहे. काठी माझ्याच हातात होती.

ती मी खाली आणली नाही. तिसऱ्या ओळीच्या शेवटी तर मी ती वर धरून ठेवली आणि सूर लांबविला. तो ठहराव मूळ गाण्यात नाही. तेथे तो हवा आहे, असे मला सरावापासूनच वाटत होते.

आता जे लिहावयाचे आहे, ते लिहिण्यासाठी दोन बोटी जाऊ दिल्या.

इसिलेली मैदानाच्या कडेला, निरफणसाखाली उभा होता. येणार नाही असे ठरले होते, तरी आला. गाणे संपल्यावर माझ्यापुढे येऊन मान खाली घालून बसला. वाळला आहे. म्हणाला, "मास्तर, तुम्ही मला हाकलून द्या, मी जातो. पण तिसऱ्या ओळीला तुम्ही थांबलात ना, ते मला सुचलंच नव्हतं. इतकी वर्षं गातोय, पण गाणं आज पुरं झालं."

मी त्याला हाकलून दिले नाही. गाल पुढे केला. त्याने रीतीप्रमाणे गालाला गाल लावला. चारशे माणसांनी पाहिले. परंतु त्याहून वाईट गोष्ट कोणी पाहिली नाही, म्हणून ती मी लिहितो. मला आनंद झाला. या बेटावर त्या क्षणी माझे काम नेमके समजणारा तो एकच माणूस होता, आणि त्याने माझी स्तुती केली. तुझे मनगट त्या क्षणी माझ्या ध्यानीही नव्हते. रात्री आले.

दुकानदाराने त्या दुपारचे ध्वनिमुद्रण करून कॅसेट काढली आहे. मुखपृष्ठावर मंडळाचे नाव आणि खाली 'गायनप्रमुख फिलिमोने' असे छापले आहे. दुसरे कोणाचे नाव नाही. पाद्रीसाहेबांनी सुचविले, मी नको म्हणालो नाही. पेटी भरून ऑकलंडला गेली आहे. तुमच्या शनिवारच्या बाजारात ती मांडली जाईल, तुझ्या धुलाईघरातही वाजेल, आणि त्या बायका तुला म्हणतील की आता तर तुझा बापच गातो. त्यांच्या आधी तुला माझ्याकडून कळावे, एवढ्याकरिता हे पत्र. माझ्या खात्रीसाठी दुकानदाराने एक प्रत वाजवून दाखविली. मी दुकानात बसून अखेरपर्यंत ऐकली. साबणही तेथूनच घेतला.

सोहळ्यानंतर तुझ्या आत्याकडे तिच्या मानाचा वाटा पाठविला होता, डुकराचा मागचा भाग व कोनफळे. टोपली जशीच्या तशी परत आली. बहीणभावाने समोरासमोर बसून बोलावयाचे नसते, म्हणून तिने सुनेकडून निरोप धाडला. सून दारातच उभी राहून म्हणाली, "मामा, त्यांनी जसं सांगितलंय तसंच सांगते, माझ्यावर रागावू नका. त्या म्हणाल्या, गुडघे सुजले होते, कान नव्हते सुजले. मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. हे त्याला ठाऊक होतं, म्हणून विचारलं नाही."

हे खरे आहे.

पश्चात्ताप होतो असे लिहिणार होतो. दोन वेळा लिहून फाडले. नाताळाच्या सुमारास राजधानीत मोठे गायन आहे, आपल्या मंडळास बोलावणे आले असून तेच गाणे मागितले आहे. मी होकार कळविला आहे. त्याआधीचे सर्व रविवार येथे चर्चमध्ये त्याचाच सराव होईल. मूळ शब्दांसह, म्हणजे तुझ्या हातांच्या. काठी माझ्या हातात असेल, आणि इसिलेली खर्जात उभा राहील, कारण तेथे माणूस कमी आहे. कोणी मला भाग पाडलेले नाही. मी नाही म्हणालो असतो तर गाव चार दिवस रुसले असते आणि मग दुसरे काहीतरी गायले असते. एवढीच किंमत होती, आणि मी ती दिली नाही.

तेव्हा माझ्या घरी उतर, असे मी तुला लिहू शकत नाही. खोली झाडलेली आहे, परंतु तिच्या खिडकीतून चर्च ऐकू येते.

तुझ्या आत्याची आज्ञा आहे, ती कळवितो. तू व हेइलालाने डिसेंबरात तिच्याकडे उतरावे. धक्क्यावर तिची सून येईल. मी येऊ नये, आणि ती बोलावील तेव्हाच तिच्या अंगणात पाऊल टाकावे. आजवर तिची आज्ञा मी एकदाच चुकविली, तीही न विचारण्याची युक्ती करून. ही चुकविणार नाही.

पोरीस माझे नाव काय सांगावयाचे, ते तू ठरव.

तुझ्या आत्याचा भाऊ,
फिलिमोने