गुलाबी पिस्तूल आणि रविवारचं जेवण

टल्सा, सोमवार

आई,

मी मजेत आहे. पुन्हा घर बदललं, कुलूप पक्कं आहे. तुझा गुडघा कसाय?

परवा पर्समध्ये मावेल असं पिस्तूल घ्यायला गेले. दुकानदाराने न विचारताच तळहाताएवढं गुलाबी पुढे केलं. "ताई, नाजूक हाताला हेच शोभतं!"

म्हटलं, "शोभेला नकोय. जेवढं हलकं, तेवढा गोळी सुटताना हाताला झटका जोरात. बाबांनी शेतावरच शिकवलंय मला."

हसला मेला! "मग नवऱ्यालाच घेऊन या, तो निवडेल."

अगं, त्याच नवऱ्यापासून वाचायला घेतेय! लांब राहा असं कोर्टाने बजावूनही डेल माझ्या जुन्या घराखाली दोनदा येऊन उभा होता. शेवटी दुसऱ्या दुकानातून मुठीत नीट बसणारं, जरा जड, काळं घेतलं.

आणि तू? दर रविवारी चर्चमधून डेललाच जेवायला आणतेस. "बिचारा एकटा पडलाय!" वाढ ना, जेवणानंतरचा तुझा तो गोड 'पेकान पाय'ही दोनदा वाढ. पण आई, त्या जुन्या घराचा पत्ता मी फक्त तुलाच दिला होता.

म्हणून या पाकिटावर पत्ता नाही. गुडघ्याचं मीच फोन करून विचारीन.

रागावलेली, तरी तुझीच,
लोरेटा