केसपेपरवरचं नाव

सर, तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली. शोकसभेचा निरोप मला लातूरला आला होता. मी गेलो नाही. त्या दिवशी प्रोस्टेटची दोन ऑपरेशनं केली, घरी येऊन मटण-भाकरी खाल्ली आणि ताणून दिली. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. जिवंतपणी तुमच्याविरुद्ध बोलायची कोणाची टाप नव्हती, मग बोलायचं तरी कधी? पुढं नांदेडला आपल्या कॉलेजच्या ऑपरेशन थिएटरला तुमचं नाव द्यायचं घाटत होतं, तेव्हा चार फोन करून ते हाणून पाडणारा मीच. त्याचा मला आजही आनंद आहे.

तो मंगळवार तुमच्या लक्षातही राहिला नसेल, मला पाठ आहे. अर्धापूरचे एक पेशंट, वॉर्डात सगळे त्यांना मामा म्हणायचे, टेबलावर आहेत. केळीची बाग असलेला धट्टाकट्टा माणूस, पण लघवीची वाट अरुंद झालेली, थेंब थेंब होतेय. लाजेपायी सुनेला सांगितलं नाही, लेकाला सांगितलं नाही, पोट दुखतंय म्हणत वर्ष काढलं. पाठीत इंजेक्शन देऊन त्यांना कमरेखाली बधिर केलंय, छातीपाशी हिरवा पडदा लावलाय. लोखंडी सळया एकीपेक्षा एक जाड अशा आत घालायच्या आणि वाट मोठी करायची, एवढंच काम. ‘वाट देईल तेवढंच जायचं, जोर लावायचा नाही,’ हे आम्हाला शिकवलं तुम्हीच. पण त्या दिवशी तुम्हाला कुठल्याशा उद्घाटनाला जायचं होतं, खाली गाडी उभी होती. तुम्ही जोर लावलात. सळई भलतीकडेच घुसली आणि रक्ताची धार लागली. मी बोळा दाबून धरला, तुम्ही हातमोजे काढले. केसपेपरवर नोंद झाली की सळई रजिस्ट्रारने घातली. रजिस्ट्रार म्हणजे तुमच्या हाताखाली शिकणारा मी.

बाहेर मामांच्या लेकाला तुम्ही माझ्यादेखत सांगितलंत, “कोट्यातून येतात, हात तयार नसतो. आम्ही तरी काय करणार?” लेकानं माझी गचांडी धरली. तुम्ही चष्मा पुसत उभे होता. मी डॉक्टर झालो म्हणून माझ्या बापानं भीमजयंतीला गावभर पेढे वाटले होते, तो त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे आला. तुमच्या मुस्काटात ठेवून द्यावीशी वाटली. अजूनही वाटते.

वाट फाटली तिथे व्रण धरला आणि मामांच्या नशिबी दर दोन-तीन महिन्यांनी सळई आली. मी लातूरला दवाखाना टाकल्यावर ते एसटीनं माझ्याकडे यायला लागले. मला वाटायचं, ज्यानं बिघडवलं त्यानंच निस्तरावं असा त्यांचा हिशेब असेल. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी ती गोष्ट सांगत आलो, तुमच्या नावानिशी. मामांना मात्र सांगायची हिंमत झाली नाही. शेवटी मागच्या महिन्यात गालाच्या आतलं अस्तर काढून त्यांची वाट नव्यानं बांधली. परवा नळी काढली. मामा संडासातून बाहेर आले ते धोतर सावरत, हसत. म्हणाले, “लई वर्सांनी आवाज आला बघा, डाक्टरसाब.”

तुमचा हिशेब चुकता करायची हीच वेळ असं मला वाटलं. मी म्हणालो, “मामा, तेव्हा तुमची वाट मी फाडली नव्हती. सरांनी फाडली.”

“ठावं हाय की,” मामा म्हणाले. “कमरंखाली बधिर केलं हुतं, कानाला काय झालं न्हवतं. पडद्याआडून समदं ऐकून राहिलो हुतो मी.”

“मग तेव्हा लेकाला का नाही सांगितलं?”

“म्या कशाला सांगू? मोठे डाक्टर नुस्तं बोलले. ‘लिही’ म्हनले. लिवलं तर तुमीच. मी म्हनलं, ह्यो मानूस सोताच कबूल करून राहिला, तर आपुन आडानी मानसानं मधी काय बोलावं?” मग धोतराचा सोगा खोचत म्हणाले, “तुमी बोळा लई येळ धरला हुता. म्हनून तुमच्याकडं येतो.”

सर, पोरांना ही गोष्ट सांगताना मी दर वेळी म्हणत आलो की तो कागद तुम्ही लिहिलात. अक्षर माझं होतं. खाली सहीही माझीच. थिसिसवर तुमची सही व्हायची बाकी होती, म्हणून मी निमूट लिहिलं. तुम्हाला माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण मामांचा लेक त्यांना न्यायला आलाय, मला भेटूनच निघायचं म्हणून दोन दिवस बाहेरच्या बाकावर बसून आहे. त्याच्यापुढे तुमचं नाव घ्यायला मी कधीचा टपलोय. आता तुमच्या नावामागोमाग माझंही घ्यावं लागेल, म्हणून मी मागच्या दारानं जातोय-येतोय.