दाराबाहेरच्या चपला

मानवत, जुलै १९९२

बन्सीधरमामा,

हे पत्र टपालात टाकणार नाही, म्हणूनच खरं लिहायलेय. माझी औरंगाबादची मुलाखत छान झाली, असं आईनं तुम्हाला कळवलंय. आईला ते मीच सांगितलं.

डीएडला नंबर लागला, तेव्हा तुम्ही म्हणालात, "खडू काय धरतीस? पुढचा जमाना कॉम्प्युटरचा हाय." मग मी परभणीच्या क्लासचा डिप्लोमा केला. तिथं चपला बाहेर काढून आत जायचं. मशीन एकच. ते सरच चालू करायचे, सरच चालवायचे. आम्ही मागं उभं राहून बघायचो आणि पुठ्ठ्यावर काढलेल्या बटनांवर बोटं फिरवायचो. मी पहिली आले.

औरंगाबादलाही मी दाराशी चपला काढल्या. आत सगळ्यांच्या पायात बूट. साहेब म्हणाले, "बसा, मशीन चालू करा." मामा, ते कुठून चालू करतात हेच मला ठाऊक नव्हतं. लय वेळ शोधत राहिले. "राहू द्या ताई," ते म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

घरी आले, तर आई देवापुढं साखर ठेवायली होती. तिथंच खोटं बोलले.

यंदा धाकट्या विमलचा डीएडला नंबर लागला. तिनं तो सोडला. "मी अक्कासारखंच शिकणार," म्हणाली. तिला थांबवायला आज परभणीला गेले. क्लासच्या दाराबाहेर तिच्या चपला होत्या. आत सर सांगत होते, "आपली अनसूया बघा, कुठं जाऊन पोचली!"

मी चपला काढल्याच नाहीत. तशीच मागं फिरले.

तुमची भाची,
अनसूया