अकराव्या दिवसाचं हसू

असल्फा, घाटकोपर (पश्चिम)
गुरुवार

ती. शांताअक्कांना जयंतीचा जयभीम.

तुमच्या गुडघ्याची चौकशी फोनवरच करणार होते, पण माझा नंबर दिसला की तुम्ही फोन कट करता. (सतरा वेळा लावला.) म्हणून हे पत्र. तुम्ही अंगणवाडीत तीस वर्षं पोरांना अक्षरं गिरवायला लावलीत, तेव्हा माझ्या अक्षराला नावं ठेवाल. ठेवा. काहीतरी बोलाल तरी. गुडघ्याला तेल लावता का? शेजारची ओसरी धुऊन देणं सोडलंत का? आपली पोर संघमित्रा आठ दिवस राहून नाशिकला तिच्या घरी परत गेली. मी बरी आहे, म्हणजे जेवते.

आता मुद्द्याचं. तुमचा भाऊ गेल्यावर अकराव्या दिवशी मी टीव्हीवर तोंड फाडून हसताना दिसले आणि ते तुमच्या अख्ख्या गावाने पाहिलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही फोन केलात, "जयंती, तुये दात लय चांगले दिसले टीव्हीवर," एवढंच म्हणालात आणि ठेवलात. मला बोलायला जागाच दिली नाहीत. तेव्हा आता सगळं पहिल्यापासून ऐका.

अक्का, 'आमची वहिनी सिरियलीत काम करते' असं तुम्ही गावात सांगता, ते खोटं आहे. चूक माझी, मी कधी सुधारलं नाही. मी गोरेगावच्या स्टुडिओत प्रेक्षक म्हणून बसते. टीव्हीवरच्या कार्यक्रमात समोर जी माणसं टाळ्या वाजवतात ना, ती तिकीट काढून आलेली नसतात, त्यांना आणलेलं असतं. आम्हाला आणतो मिथुन नावाचा एक माणूस. तो आमचा चेहरा बघून ठरवतो, ही हसणारी, ही रडणारी, ही नुसती टाळ्यांची. माझे दात सरळ म्हणून मी हसणाऱ्यांत, दुसऱ्या रांगेत. (पहिल्या रांगेत कॉलेजच्या मुली. आम्ही मागे, घरगुती वाटावं म्हणून.) सकाळी मोबाईल काढून घेतात, एसी इतका सोडतात की पायांची बोटं बधिर होतात, आणि पांढरी किंवा बारीक रेघांची साडी चालत नाही, कॅमेऱ्यात हलते म्हणे.

आणि खरी गोष्ट ही, की तिथे हसणं आधी घेतात आणि विनोद मागाहून. एक बाई माईकवरून सांगते, आता हळू हसा, आता मोठ्याने, आता शेजारणीला टाळी देऊन. समोर स्टेजवर कोणी नसतं, एक माणूस लादी पुसत असतो. त्याच्याकडे बघून आम्ही ऐंशी जणं पोट धरून हसतो. तो बिचारा पहिल्या दिवशी कानकोंडा झाला होता, आता त्याला सवय झाली. मग ते हसू कापून ठेवतात आणि महिनाभर लागेल तिथे चिकटवतात, जसं आपण पापड करून डब्यात भरतो. गाण्याच्या स्पर्धेतले जजही तसलेच. ज्या गाण्याला ते डोळे पुसतात ते गाणं त्यांनी नीट ऐकलेलं नसतं, कारण मेकअपवाली त्यांच्या कानाशी बोलत असते. एकदा एक मोठा हिरो नव्या पिक्चरची जाहिरात करायला आला. होर्डिंगवर तीन मजले दिसतो, समोर आला तर तुमच्या भावाच्या खांद्याला लागेल एवढा. "तुमच्यामुळे मी आहे," असं तो आम्हाला चार वेळा म्हणाला, कारण पहिल्या तीन वेळा लाईट चुकला. चौथ्या वेळी मात्र मला खरंच वाटलं.

हे सगळं मी घरी येऊन तुमच्या भावाला सांगायचे. कारखान्यातून रिटायर झाल्यापासून त्यांना दुसरं काय होतं? टीव्ही थांबवून थांबवून मला शोधायचे. एकदा माझं नुसतं कोपर दिसलं, तर त्याचाही फोटो काढून ठेवला. शेवटी म्हणाले, "मी पण येतो एकदा. दोघं एका रांगेत बसू."

त्यासाठी त्यांनी मिशीला काळं लावलं. आयुष्यात पहिल्यांदा. मला न सांगता, पाकिटावर दहा मिनिटं लिहिलं होतं ते चाळीस मिनिटं ठेवून. सकाळी मिशी अशी काळी की डांबर वाटावं, आणि वरचा ओठ सुजून वांग्यासारखा. मी म्हटलं, राहू द्या, घरी थांबा. ते म्हणाले, "दुसऱ्या रांगेत कोणाला दिसतंय?" स्टुडिओच्या गेटवर मिथुनने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, पुढच्या वेळी या ना." ते तोंडावर रुमाल धरून परत फिरले. संध्याकाळी कळलं, मेट्रोत एका मुलीने त्यांना आजारी समजून उठून जागा दिली आणि स्वतः लांब जाऊन उभी राहिली.

त्या दिवशी मला हसूच येईना. माईकवाली ओरडत होती, दुसरी रांग मेली आहे का? आणि मग मला तो ओठ आठवला. तो ओठ, आणि त्याच्या खालून येणारं ते 'दुसऱ्या रांगेत कोणाला दिसतंय'. अक्का, मी अशी हसले की श्वास लागला. कॅमेरा धावत माझ्याकडे आला. तुम्ही पाहिलंत ते हसू ते. ते तुमच्या भावाचंच होतं.

त्यानंतर एकोणीस दिवसांनी ते गेले. चहा ठेवते म्हणून मी वळले, तेवढ्यात. तुम्ही आलात, त्यांच्या तोंडावरून हात फिरवलात आणि सगळ्यांना म्हणालात, "पाहा, भीमाचा चेहरा कसा तरणा दिसते." मिशी अजून काळी होती ना. फक्त मुळाशी पांढरी रेघ होती, ती मलाच माहीत होती. तेव्हा मी पदरात तोंड खुपसलं आणि माझे खांदे हलायला लागले. तुम्ही मला जवळ घेतलंत, रड म्हणालात. अक्का, मी रडत नव्हते. त्याची माफी मागायची राहिली होती.

तो कार्यक्रम टीव्हीवर लागायची तारीख त्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवलेली, शनिवार, आठ वाजता. म्हणून मी टीव्ही लावला. स्टुडिओवाल्यांनी माझं हसू कशावर चिकटवलं होतं ते तुम्ही पाहिलंच आहे. नवरा मेल्यावर बायको आधी विम्याचे कागद शोधते, या विनोदावर. तीन वेळा दाखवलं, आणि तिसऱ्यांदा सावकाश. तो विनोद करणारा माणूस मी जन्मात पाहिलेला नाही, तो भलत्याच कुठल्यातरी दिवशी शूटिंगला येऊन गेला. मग कोणीतरी त्याचं रील केलं. आता आमच्या गल्लीत बायका मला बघून दार लोटतात आणि बाहेरची पोरं सेल्फी मागतात. मिथुनला फोन केला, ते काढून टाका म्हणून. तो म्हणाला, "जयंतीताई, चार लाख लोकांनी बघितलंय, लोकांना तर तुम्हीच आवडलात." मी हे लोकांना काय सांगू? लोकांना सोडा. तुम्हाला कळलं तरी पुरे.

राग राहिलाच तर राहू द्या. गुडघ्याला जपा.

तुमची वहिनी,
जयंती

ता. क. आता परत तिथे पाय ठेवणार नाही, असं लिहिणार होते. पण मी बुधवारी जाऊन आले. या वेळी मिथुनने रडणाऱ्यांत बसवलं. (म्हणाला, तुमचं आत्ताच झालंय, नॅचरल येईल.) माईकवाली म्हणाली, आपल्या जवळचं कोणी आठवा. मी आठवलं. सगळी रांग रडली, मला काही आलं नाही. दुपारी त्यांनी मला टाळ्यांमध्ये हलवलं.

ता. क. २. खरं सांगायचं तर अजून एकदाही आलेलं नाही, घरीही नाही. संघमित्राला वाटतं आई खंबीर आहे. तुम्ही त्या दिवशी भिंतीला डोकं टेकून मोकळ्या गळ्याने रडलात, तसं मला कोणी शिकवलं नाही. आठ दिवस येऊन राहा. काही बोलू नका हवं तर, नुसतं माझ्याजवळ बसून रडा. ऐकून ऐकून मला येईल.

ता. क. ३. अकोल्याहून कुर्ला टर्मिनसला येणाऱ्या गाडीत बसा, मी घ्यायला येते. भांडायचं असेल ते घरी आल्यावर भांडा. फलाटावर नको. हल्ली कोण कुठून शूटिंग घेतं ते कळत नाही.