पडद्याशेजारचा दुभाषी

३ मार्च
युगांडातील मासाका येथे सुखरूप पोहोचलो. मेहुणे किगुंडू यांनी आपल्या चित्रगृहाच्या दारातच मिठी मारली. पत्र्याचे छप्पर, तीस बाके आणि पडद्याशेजारी दुभाष्याची कोंदट खोली. परदेशी चित्रपट सुरू असतानाच तेथे बसून सर्व पात्रांचे बोलणे आमच्या लुगांडा भाषेत सांगावयाचे. बाजारातील टोमॅटोवाल्या बायकांना जगाचा चित्रपट समजतो तो येथेच. शिक्षकी सुटल्यावर इतके मानाचे काम लाभेल असे वाटले नव्हते. माझी पत्नी नालुले वारली त्याला पाच महिने झाले. आज ती असती तर हरखली असती.

६ मार्च
दुपारच्या खेळाला प्रेक्षक ओरडले, "ओ मास्तर, व्याकरण पुरे! ठोसा कधी मारतोय ते सांगा!" मी संकोचलो. तेवढ्यात नायिका बोलू लागली आणि माझ्या मुखातून नालुलेचा आवाज आला. तंतोतंत तिचा. शिट्ट्या झाल्या. मला आनंदाश्रू आवरेनात.

९ मार्च
आज नायिका गप्प होती, आवाज मात्र बोलला, "अहो, मी पाणी मागत होते आणि तुम्ही वह्या तपासत बसलात." हे आम्हा दोघांनाच ठाऊक होते. प्रेक्षक पोट धरून हसले.

१२ मार्च
रात्री राहत्या खोलीवर तिला किती आळवले. एक शब्द नाही. ती प्रेक्षकांशीच बोलते.

तिकीटवाली नाकिंतू आज म्हणाली, "मास्तर, मृत्यूला घराबाहेर घालवायचा विधी तुमच्या मेहुण्यानं तीनदा पुढं ढकललाय. तो झाल्याशिवाय मेलेलं माणूस जाणार कुठं?"

नालुले गेल्यावर मी इस्पितळात असताना तिचा तो विधी उरकल्याचे किगुंडूने मला शपथेवर सांगितले होते.

१३ मार्च
जाब विचारला. तो हसला. "दाजी, बाकं भरलीत बघा. आणि बहीण माझीच ना?"

१५ मार्च
तिच्या कुळाच्या ज्येष्ठांकडे गेलो. विधी करा, असे सांगण्यास तोंड उघडले —

"नको. मला इथंच राहायचंय."

तिचा आवाज. ज्येष्ठ टाळ्या पिटत म्हणाले, नक्कल झकास साधलीय. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तीच. माझा आवाज कोठेही नाही.

भावाने फसवले, ते समजू शकतो. परंतु नालुले, तूही —

१६ मार्च
लेखणी तेवढी उरली. ज्येष्ठांना पत्र लिहीत आहे. किगुंडू दाराशी हाका मारतो — खेळाची वेळ —

"आले, दादा," असे ती म्हणाली. माझ्या तोंडाने.

मी उठलो नव्हतो. पाय उठले — ज्येष्ठांनो, विनंती, विधी आजच करावा, या देहात आता माझे म्हणून केवळ —