पाहुणे, त्यांच्यातले आणि आमच्यातले

३ फेब्रुवारी, सोम.
प्र. पहाटे ऑनलाइन होती. मला मेसेज आला तो बस निघाल्यावर. मधे कोणाशी बोलत होती? विचारलं नाही. विचारलं की म्हणते, "झालं तुझं सुरू."
ती उस्मानपुऱ्यात, अभ्यासिकेत, मार्चमधल्या परीक्षेच्या मागं. मी वाळूजला, कंपनीत. दोघंही दिवसभर मान खाली घालून. फरक एवढाच की माझी मान खाली आहे हे तिला माहीत असतं. तिची असते का, हे मला कोण सांगणार?
डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला तो तिच्यासाठी. कमवायला लागलो तर तिच्या घरी तोंड उघडता येईल म्हणून. हे तिला...

५ फेब्रु., बुध.
इम्रानच्या मशीनवरचे ॲल्युमिनियमचे पीस आज लई बाद केले. लाल पेटी भरली.
तपासणीचं काम मला आवडतं. पीस धुऊन येतो, भोकात गेज, म्हणजे दोन टोकांची मापाची दांडी, घालायचा. हिरवी बाजू गेली पाहिजे, लाल बाजू जायला नको. लाल गेली की भोक मोठं, पीस बाद. कोणाचं ऐकायचं नाही, कोणावर भरवसा ठेवायचा नाही.
इम्रान: "क्या पाटील, मेरे पीसां से दुश्मनी है क्या? सब्बीच फेक रहा तू."
"मशीन नीट लाव."
"मशीन नीट है. तेरा डोका नीट कर."
टार्गेटसाठी घाई करतो हा. लक्ष ठेवायला पाहिजे.

७ फेब्रु., शुक्र.
प्र. चा फोन. "रविवारी नाही जमणार रे. घरी पाहुणे आहेत."
सहज म्हणाली. भाजीला कोथिंबीर नाही, असं सांगावं तसं.
आमच्या वैजापूरकडं लग्नाच्या पोरीच्या घरी रविवारी पाहुणे म्हणजे एकच. पोहे, साडी, मान खाली, "शिक्षण किती झालं?"
"कोण पाहुणे?" म्हटलं.
"अरे पाहुणे म्हणजे पाहुणे. घरचेच आहेत."
घरचेच! अजून बघून गेले नाहीत तर घरचेच.

९ फेब्रु., रवि.
लिहू नये वाटतंय. लिहितो.
जायचं नाही ठरवलं होतं. तरी तिच्या बिल्डिंगसमोरच्या टपरीवर होतो. एक गाडी आली. बाई, हातात मिठाईचा पुडा. मागं पोरगा, इस्त्रीचा निळा शर्ट, केस बसवलेले. वर गेले. प्र. ला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. कट.
हातातला चहा संपायच्या आत मी जिन्यात. निळा शर्ट खाली येत होता, गाडीची चावी फिरवत. मी आडवा झालो.
"पसंत पडली का?"
"काय?"
"पोरगी. पसंत पडली का विचारतोय."
तो हसला. "कोणती पोरगी? मी मामाकडे आलोय जेवायला."
मामाकडं! आमच्यात मामाची पोरगी म्हणजे हक्काची. डोकंच फिरलं. कॉलर धरली त्याची. काय बोललो ते आठवत नाही. आठवतं, पण लिहीत नाही.
वरचं दार उघडलं. प्र. ची आई, हातात वाढायचा डाव तसाच. "काय हो, कोण पाहिजे तुम्हाला?"
अहोजाहो. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.
त्यांच्या मागं प्र. आधी मला ओळखत नसल्यासारखी बघत होती. मग ओळखल्यासारखी. ते जास्त वाईट.

१० फेब्रु., सोम.
तिचा एकच मेसेज. "तो माझा आतेभाऊ आहे. मी त्याला राखी बांधते. आमच्याकडे पाहुणे म्हणजे जेवायला येणारी माणसं."
प्रत्येक वाक्यापुढं टिंब. चिडली की टिंबं देते.
म्हणजे शब्द एकच. त्यांच्यात तो ताट वाढेपर्यंत, आमच्यात थेट मांडवापर्यंत. त्यांचं जोशी-कुलकर्ण्यांचं घर, सगळे नोकरदार. आमच्या घरी पाहुणे म्हटलं की म्हातारी माणसं फेटा शोधतात. हे तिला कुठून कळणार? आणि मला तरी...
पण राखी काय, कोणीही बांधतं.
(खोडलं होतं. परत लिहिलं. मनात होतं ते होतं.)

१२ फेब्रु., बुध.
भेटली. अभ्यासिकेच्या खाली, रसवंतीवर. मी आधी सॉरी म्हणणार होतो. निघालं भलतंच. "तू फोन उचलला असता तर हे झालं नसतं."
तिनं ग्लास बाजूला सारला. मग, "तुला मी हवीये, की मी कुठंय ते हवंय?"
"म्हणजे काय?"
"दोन्ही एकच वाटतं ना तुला? तेच सांगतेय."
मी म्हटलं, तुझ्यासाठी कॉलेज सोडलं मी.
"माझ्यासाठी? प्रॅक्टिकलला सरांच्या अंगावर धावून गेलास. माफी माग म्हणाले, मागितली नाहीस. मी पण म्हणत होते माग. ते माझ्या नावावर खपवू नकोस."
मी रसाचे पैसे दिले, सुटे मोजत बसलो.
शेवटी: "परीक्षा होईपर्यंत फोन नको, मेसेज नको, टपरीवर उभं राहणं नको. झाली की मी बोलेन. काय बोलेन ते मला आत्ता माहीत नाही."
तिचा रस तसाच राहिला. फेस बसून गेला होता.
शांतपणे बोलत होती. आधीच ठरवून आली असेल. कोणी शिकवलं?

१७ फेब्रु., सोम.
काळे सर, आमचे लाइनचे साहेब, म्हणाले, इम्रानचं रिजेक्शन फार वाढलंय, त्याला मशीनवरून काढावं लागेल. मी म्हटलं, दाखवतो ना सर. लाल पेटीतला शनिवारचा पीस काढला, गेज घातला.
लाल बाजू गेली नाही.
दुसरा. नाही. तिसरा. नाही.
सर माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, पीस बदललेत कोणीतरी.
कोणीतरी म्हणजे कोण ते उघड आहे. इम्रान शनिवारी मागं थांबला होता.

१८ फेब्रु., मंगळ.
आज बाद पिसांच्या बुडाला मार्करनं बारीक खूण केली. गुपचूप. बघू आता कसा बदलतो.
जेवून आलो. इम्रान माझ्यासोबतच जेवत होता, डब्यातला खिमा-पाव मला वाढत. परत आल्यावर खुणेचा पीस काढला, गेज घातला.
गेली नाही लाल बाजू. खूण माझीच. पीस तोच.
गेजवर संशय घेतला. दुसरा आणला. तेच.
पिशवी काढायला हात वर केला तर खिळ्यामागं पाटी. मी रोज तिच्यावर पिशवी अडकवतो. "गरम पीस मोजू नये. गार होऊ द्यावा."
गरम पाण्यात धुऊन येतात पीस. धातू फुगलेला असतो, भोक मोठं होतं, लाल बाजू जाते. गार झालं की पीस चांगलाच. पहिल्या दिवशी सांगितलं होतं सगळ्यांना. मी तेव्हा मांडीवर फोन धरून प्र. चं लास्ट सीन बघत होतो.
थंडीत टेबलावर येईपर्यंत गार होत असतील. आता ऊन लागलंय. आणि मी हल्ली थांबतही नाही. आला की घाल गेज.
म्हणजे जिन्यात त्या दिवशी मी जे...
कोणाला सांगितलं नाही.

१९ फेब्रु., बुध.
सांगायचं की नाही. न सांगता पण चालेल, उद्यापासून गार करून मोजले की रिजेक्शन आपोआप खाली. इम्रानला वाटेल त्याचं मशीन सुधारलं. माझं नाक वर.
पण काळे सर त्याला काढणार म्हणतात. आणि मी त्याचा खिमा खाल्लाय.
प्रॅक्टिकलला पण असंच होतं. मी चुकलो हे मला तिथंच कळलं होतं. सरांना ते दिसलं होतं, त्याचा राग होता.

२० फेब्रु., गुरु.
सांगितलं. सगळ्यांसमोर, कारण सर एकटे सापडेनात.
सर: "म्हणजे चांगला माल फेकत होतास तू?"
"व्हय सर."
"आणि त्या पोराला शिव्या मी घालत होतो."
"व्हय."
तपासणीवरून काढलं. उद्यापासून बर काढायची. मशीनमधून निघालेल्या पिसाच्या कडेला पत्र्यासारखी धार राहते, ती कानशीनं घासून काढायची. कोणाला नको असतं ते काम.
वाटलं होतं इम्रान मिठी मारेल वगैरे. तो म्हणाला, "पीस गरम नहीं था मियाँ, तू गरम था." आणि दुपारी माझ्यासोबत जेवला नाही.

२५ फेब्रु., मंगळ.
बोटं फाटलीत. पीस घासा, बोट फिरवा, परत घासा. फोन लॉकरमध्ये, नाहीतर लक्ष तिकडं जातं आणि धार लागते.
घरी आल्यावर लास्ट सीन बघितलं. बघायचं नाही असं कोणी म्हणालं नव्हतं. फोन, मेसेज, टपरी एवढंच. मीच पळवाट काढतोय.
लपवलंय तिनं लास्ट सीन. फक्त मला का सगळ्यांना?

४ मार्च, मंगळ.
इम्रान परत जेवायला बसायला लागला. आज म्हणाला, "मेरी बहन वोइच अभ्यासिका में जाती. बोल, पूछ के बताऊँ? किसके साथ बैठती, कब जाती."
तोंडात घास होता. गिळेपर्यंत हो म्हणून झालं होतं मनात.
"नको."
"पक्का?"
"नको म्हटलं ना! परत विचारू नको."
"चिल्लाता कायकू? नक्को तो नक्को."
दिवसभर त्रास झाला. विचारलं असतं तर पण झाला असता, बहीण काय सांगते यावर अजून चार दिवस. त्रास काही जात नाही. कोणता घ्यायचा तेवढं आपल्या हातात. तो घेतला आज. मोठं काही नाही.

११ मार्च, मंगळ.
आज दुपारी पीस घासताना लक्षात आलं, सकाळपासून तिचा विचारच नाही आला. बोट फिरवलं, कड गुळगुळीत. दुसरा घेतला. बरं वाटत होतं.
लगेच संशय आला. बरं वाटतंय म्हणजे प्रेम कमी झालं का? का मी सवय करून घेतोय, ती जाणार म्हणून?
इम्रानला विचारलं. तो म्हणाला, "अच्छा लग रहा तो उसकी भी तपासणी करता क्या बे?"

१५ मार्च, शनि.
काळे सरांना विचारलं, सोडलेला डिप्लोमा परत धरता येतो का.
"मला काय विचारतो? कॉलेजात विचार."
कॉलेजात तेच प्रॅक्टिकलचे सर आहेत. त्यांच्यासमोरून जावं लागणार. आधी माफी, मग बाकीचं. प्र. तेव्हा म्हणाली होती तेच. तिला सांगणार नाही मात्र. सांगितलं तर परत तिच्या नावावर होईल.

२० मार्च, गुरु.
गेलो कॉलेजात. सरांनी ओळखलं नाही. एवढे दिवस मी त्यांच्याशी मनात भांडतोय आणि त्यांना नाव पण आठवेना. मीच आठवण करून दिली, कोणत्या दिवशी, कोणत्या टेबलापाशी. मग म्हणाले, "अच्छा, तो तू." माफी मागितली. "बरं बरं" म्हणाले. प्रवेशाचं जूनमध्ये बघू म्हणाले. देतील का नाही, तोंडावरून कळलं नाही.
येताना बस उस्मानपुऱ्यातूनच जाते. खिडकी तिच्या बिल्डिंगच्या बाजूची होती. उठून दुसऱ्या बाजूला बसलो. तिथं ऊन होतं. शेजारचे काका म्हणाले, "सावली सोडून उन्हात बसलास व्हय?"

२३ मार्च, रवि.
तिची परीक्षा आज. झाली असेल.
फोन आला नाही. दमली असेल. किंवा...
किंवा लिहीत नाही.

२७ मार्च, गुरु.
शिफ्टवरून आलो, हातपाय धुतले, फोन उघडला. प्र.
"पेपर बरा गेला. पाडव्याला जेवायला ये. आईला सांगितलंय, पाहुणे येणारेत."
टिंबं आहेत. पण तिचा राग टिंबांत असतो हे मी ठरवलेलं.
आईला सांगितलंय. त्याच आईला, डाववाल्या. निळा शर्ट पण असेल का? मला समोर बसवून, तुम्ही चांगले आहात पण, असं म्हणायचं असेल. का खरंच... आणि पाहुणे म्हणजे कोणते? त्यांच्यातले का आमच्यातले? तिला आता दोन्ही अर्थ माहीत आहेत. माहीत असून लिहिलंय.
"कोणते पाहुणे?" टाइप केलं. पुसलं. "अजून कोण कोण आहे?" टाइप केलं. ते पण पुसलं.
"येतो" एवढंच पाठवलं.
बाकी डोक्यात काय काय येतंय. येऊ दे. मेसेज आत्ताच आलाय, गरम आहे. फोन खिडकीत ठेवलाय, पालथा.